बोल्टाखालचा काळा रंग

पौडहून धरणाकडे निघालं की डाव्या हाताला पत्र्याचं एक गॅरेज लागतं. पाटीवर मालकाचं नाव नाही, नुसतं 'वायरिंग' लिहिलंय, आणि तेही अर्धं जुन्या टायरांच्या मागे गेलंय. पण गोरख शेडगेला पाटीची गरज कधी पडलीच नाही. तीस वर्षं झाली, आसपासच्या कुठल्याही गाडीचा सेल्फ रुसला, दिवे गेले, की माणसं त्याच्याच दारात उभी राहतात. तरुणपणी तो नाना पेठेत एका उस्तादाकडे चार वर्षं राबला आणि गावाकडे परतला तो हुन्नर आणि ताठा असा दोन्ही माल घेऊन. मेकॅनिक मंडळींना तो तोंडावर 'पाना फिरवणारे' म्हणायचा. इंजिन काय, डोळ्यांना दिसतं. वीज दिसत नाही, ती ओळखावी लागते, असं त्याचं म्हणणं. ते खोटंही नव्हतं.

त्याच्या दोन सवयी सगळ्यांना ठाऊक होत्या. गाडी दारात आली की बॉनेट उघडून तो आधी आपली स्वतःची बॅटरी जोडायचा, लाल चिमटा गाडीच्या बॅटरीवर आणि काळा थेट इंजिनावर. गिऱ्हाइकाची बॅटरी तपासणीत उतरायला नको, हा त्याचा मोठेपणा. दुसरी सवय दसऱ्याची. आदल्या दिवशी जुन्या गिऱ्हाइकांच्या गाड्या तो बोलावून घ्यायचा, बॅटरी काढून खालचा ट्रे घासायचा, ट्रेला आणि आजूबाजूच्या बोल्टांना काळा ऑइलपेंट मारायचा आणि हळदकुंकू लावून गाडी परत द्यायचा. सगळं फुकट. चकचकीत काळा ट्रे दिसला की लोक म्हणायचे, ही गाडी गोरखच्या हातची. गोरखला ते ऐकायला फार आवडायचं.

गेल्या दसऱ्याला अशा चौदा गाड्या आल्या. त्यात आशालताबाईंची जीप होती. बाई मूळच्या कोथरूडच्या, धरणाच्या पाण्यालगत त्यांचं पाहुण्यांसाठी फार्महाऊस आहे. जीप चालवायचा बारकू. डोंगरावरच्या वाडीतला हा पोरगेलासा माणूस, वाडीत गाडीचं लायसन काढणारा पहिलाच. बारकूची आई रानातला डिंक-मध विकायला खाली यायची, तेव्हा हॉर्न ऐकला की बाजूच्या बायांना सांगायची, ती जीप माझ्या लेकाची हाय.

दिवाळीनंतर जीप नखरे करायला लागली. रोज नाही, आठवड्यातून एकदा-दोनदा. पहाटे बारकू किल्ली फिरवायचा, दिवे लखलखीत, आणि सेल्फ मारला की नुसतं 'टक्'. दहा वेळा किल्ली फिरवा, दहा वेळा टक्. अकराव्या वेळी कधी सुरू, कधी नाही. उन्हं वर आली की मात्र गाडी शहाण्यासारखी वागायची. बारकू ती घेऊन गोरखकडे आला. गोरखने चिमटे लावले, किल्ली फिरवली, गाडी एका दमात सुरू. दुसऱ्यांदा आला, तेच. तिसऱ्यांदा तेच.

"दादा, बंद पडती तवा त्या काळ्या वायरीच्या बोल्टापाशी हात लावला तर गरम लागतंय," तिसऱ्या खेपेला बारकू म्हणाला.

गोरख तेव्हा समोरच्या टपरीवर चहा पीत होता. आजूबाजूला आठ-दहा जण होते, सोसायटीचे माजी चेअरमन अण्णासाहेबही होते. गोरखने कप खाली ठेवला. "वायरमन तू हायेस का मी?" तो म्हणाला. "गाडीत काय बी न्हाई. रातच्याला मोबाईलवर गाणी लावून बसतोस, बॅटरी झोपवतोस, आन सकाळी माझ्याकडं येतोस. फॉल्ट शिटवर बसलाय बारक्या, बॉनेटात न्हाई."

टपरी हसली. अण्णासाहेबांना तर ठसका लागला. बारकू मान खाली घालून गाडीकडे गेला. त्या दिवसापासून तो रस्त्याने जाताना दिसला की कोणीतरी ओरडायचंच, "फॉल्ट चाललाय बघा!"

जानेवारीत एका रविवारी पाहुण्यांना पहाटे पुण्याला रेल्वेवर सोडायचं होतं. जीप हलली नाही. पाहुण्यांची गाडी चुकली, त्यांनी नाही नाही ते सुनावलं. आशालताबाईंनी गोरखला फोन केला. "दादा, खरं सांगा, दोष गाडीचा की ड्रायव्हरचा?"

गोरखने क्षणभरही विचार केला नाही. "तीनदा तपासली बाई. गाडी खणखणीत हाय."

बारकूला त्याच दिवशी काढलं. त्याच्या जागी अमोल नावाचा भूगावचा ड्रायव्हर आला. दहाव्या दिवशी सकाळी सहाला बाईंचा फोन: अमोल किल्ली फिरवतोय आणि नुसतं टक् होतंय.

गोरख मोटारसायकलवर गेला. बॅटरी काही मोटारसायकलवर नेता येत नाही, म्हणून फक्त टेस्ट लॅम्प आणि पाने खिशात घातले. पाण्यावरून गारठा येत होता, बॉनेटवर दव साचलं होतं. "मार सेल्फ," तो म्हणाला. टक्. तीस वर्षांत पहिल्यांदाच त्याने एखादी गाडी आपले चिमटे न लावता, बंद पडलेल्या अवस्थेत पाहिली. बॅटरीची काळी वायर जिथे गाडीच्या अंगाला बोल्टने आवळलेली असते, तिथे त्याने हात नेला. चटका बसला.

बोल्ट सोडवण्याआधीच त्याला कळून चुकलं होतं, तरी त्याने तो सोडवला. वायरीच्या टोकाखाली, जिथे उघडं लोखंड असायला हवं, तिथे काळा ऑइलपेंट होता. चकचकीत. त्याच्याच हातचा. चौदा गाड्यांच्या घाईत त्याने तिथला रंग खरवडला नव्हता, ओल्या रंगावरच बोल्ट आवळला होता. दिव्यांपुरता करंट त्यातून जायचा, गारठलेल्या इंजिनाला फिरवण्याइतका नाही. आणि गॅरेजात त्याचा काळा चिमटा थेट इंजिनावर बसायचा, त्यामुळे या बोल्टाची गाडीला गरजच उरत नव्हती. फॉल्ट त्याच्या दारात कधी दिसणं शक्यच नव्हतं. तो स्वतःच दरवेळी त्याच्यावर पांघरूण घालत होता. त्याने रंग खरवडला, बोल्ट पुन्हा आवळला आणि जीप एका दमात सुरू झाली.

"काय होतं?" आशालताबाईंनी विचारलं.

"गंज," गोरख म्हणाला. हा शब्द त्याच्या तोंडून इतका पटकन निघाला की त्याला स्वतःचीच किळस आली. "गंज व्हता बाई. आता न्हाई पडायची बंद. त्या बारकूची चूक नव्हती, त्याला परत बोलवा."

घरी येऊन तो जेवला नाही. बायकोने, रूपालीने, दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा ताट उचलून ठेवलं. मग त्याने तिला सगळं सांगितलं. "मग बारकूला सांगा की," ती म्हणाली. "मला काय सांगता?" गोरखला वाटत होतं, जमीन दुभंगावी आणि आपण आत जावं. ती काही दुभंगत नव्हती.

चार दिवसांनी बारकूच जीप घेऊन गॅरेजात आला. हातात पिशवीतून काढलेली मधाची बाटली. "दादा, तुमी शब्द टाकला म्हनून बाईंनी परत घेतलं," तो म्हणाला. "आईनं दिलाय. यंदाच्या पहिल्या पोळ्याचा हाय."

मेल्याहून मेल्यासारखं म्हणतात ते गोरखला त्या दिवशी समजलं. बाटली त्याच्याने घेववेना. "बारकू, गंज न्हवता," तो म्हणाला. "रंग व्हता. मीच मारलेला. तू म्हनलास तीच वायर, तोच बोल्ट. चूक माझी व्हती, आन नोकरी तुझी गेली."

बारकूने बाटली पुन्हा पिशवीत ठेवली. "हितं दोघांत काय सांगताय?" तो म्हणाला. "समदी मला हसली तितं सांगा. माझ्या आईला बी लोक तेच म्हनत्यात, फॉल्टची आई."

गोरख लगेच उठला, कारण बसला असता तर पुन्हा उठला नसता. दोघं रस्ता ओलांडून टपरीवर गेले. अण्णासाहेब पेपर वाचत होते, नेहमीची माणसं होती. "ऐका," तो म्हणाला. "बाईंच्या जीपचा फॉल्ट माझा व्हता. दसऱ्याला मी बोल्टाखाली रंग ठेवला. ह्यानं मला बरोबर सांगितलं व्हतं, मी त्याला येडा ठरवला. ह्याची काय बी चूक न्हाई."

अण्णासाहेबांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला, उठून गोरखच्या पाठीवर हात ठेवला आणि भरल्या आवाजात म्हणाले, "गोरख, पोराची नोकरी टिकावी म्हनून स्वतःवर घेतलंस. एवढं मन कुनाचं असतं रे?"

"अण्णा, मनाचं न्हाई, खरंच माझी चूक—"

"व्हय व्हय," कोणीतरी हसून म्हणालं, "तुझी चूक! तीस वर्षांत व्हायची राहिलेली." सगळ्यांनी माना डोलावल्या. मग अण्णासाहेब बारकूकडे वळले. "पाया पड त्याच्या. असा मानूस भेटायचा न्हाई. आन रातच्याला गाणी लावणं बंद कर आता."

"मी खोटं बोलत न्हाई!" गोरख ओरडला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पाहून टपरीवाल्याने त्याच्यापुढे चहाचा कप ठेवला. गोरखने आयुष्यभर आपल्या शब्दाला वजन यावं म्हणून जिवाचं रान केलं होतं. तो जे सांगेल ते लोक मानायचे. आज पहिल्यांदा ते मानत नव्हते.

बारकू पाया पडला नाही. त्याने पिशवी खांद्याला लावली आणि तो जीपकडे निघाला. गोरख त्याच्यामागे दोन पावलं गेला, "बारकू" म्हणून हाक मारली. बारकूने मागे वळून पाहिलं नाही. किल्ली फिरवताच जीप सुरू झाली, आणि टपरीवर मागून अण्णासाहेबांचा आवाज आला, "बघा. ह्याला म्हनायचं कारागीर."