नकली हरीण आणि लाल झूल

नोकरीतले खून आणि दरोडे आता माझ्या डोक्यात एकमेकांत मिसळून गेले आहेत. कोणता कोणत्या ठाण्यातला हेही धड सांगता यायचे नाही. हे एक प्रकरण मात्र जसेच्या तसे आठवते. त्यात चोर नव्हता, बदमाश नव्हता, आणि तरीही त्याने मला जेवढा घाम फोडला तेवढा एकाही दरोडेखोराने फोडला नाही.

राज्य पुनर्रचनेनंतरची ती पहिली काही वर्षे. मी बेळगावकडचा. नव्या राज्याबरोबर बदली होऊन बेंगळुरूला आलो होतो आणि माझी कानडी ऐकून ठाण्यातले शिपाई तोंड फिरवून हसत. आमचे पोलीस ठाणे शहराच्या दक्षिणेला, बन्नेरघट्ट्याच्या रानाकडे जाणाऱ्या रस्त्यावर. त्या काळी परवाना काढून शिकार करता येई. पावसाळ्यातली बंदी उठली की शहरातले हौशी लोक रायफली घेऊन रानात उतरत आणि आमच्या ठाणे दैनंदिनीत दर आठवड्याला भर घालत. कोणी हरीण समजून कोणाची गाय मारी, तर कोणी स्वतःच्याच जीपच्या टायरला गोळी घाली. माझा स्वभाव तापट. या मंडळींचा मला मनस्वी राग येई.

त्या थंडीत एका सकाळी शहरातल्या सरकारी इस्पितळातून मेमो आला. रानात गोळी लागलेला इसम दाखल, जबाब घ्यावा. मी गेलो. खाटेवर पन्नाशी ओलांडलेला, सडसडीत अंगाचा माणूस. उजवा खांदा बँडेजमध्ये. माझे आडनाव ऐकताच तो मराठीत म्हणाला, "बसा की साहेब. आमच्या बोलण्यातला माणूस आला, बरं वाटलं स्वल्प."

हे अण्णा. सगळी पेठ त्यांना अण्णाच म्हणे. तीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर दक्षिणेत आलेल्या मराठी घराण्यातले, धंदा घोड्यांची खोगिरे शिवण्याचा. छावणीतले घोडे गेले आणि मोटारी आल्या, तेव्हापासून शर्यतीच्या घोड्यांवर पोट. हौस मात्र वेगळीच. खऱ्या चितळाचे कातडे कमावून, आत काथ्या भरून, ते असे नकली हरीण शिवत की दहा हातांवरून ओळखू येऊ नये. पाणवठ्याजवळ ते उभे करायचे, त्याला पाहून खरा कळप निर्धास्तपणे जवळ येतो, आणि शिकारी झुडपामागे बसलेला असतो. अण्णा त्याला 'गोंबे' म्हणत, म्हणजे कानडीत बाहुली.

त्यांचा जबाब सरळ होता. पहाटे ते आणि त्यांचे मेहुणे रानात गेले. मेहुणे लांब दडणात बसले. अण्णा गोंबे खांद्यावर घेऊन पाणवठ्याकडे निघाले. कोणी खरे हरीण समजू नये म्हणून गोंब्यावर नेहमीप्रमाणे लाल झूल पांघरलेली होती. धुक्यातून कोणा अनोळखी माणसाने गोळी झाडली आणि पळ काढला.

"लाल झूल होती हे लिहा, साहेब," ते पुन्हा म्हणाले. "नक्की लिहा."

मेहुणे दाराशीच उभे होते. सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, आता एका गिरणीवर बंदूकधारी पहारेकरी. अण्णांची बहीण त्यांना दिली होती. ती वारल्यावरही त्यांचे दोन्ही वेळचे जेवण अण्णांच्याच घरी. ताठ माणूस, पण तासाभरात एकदाही खाटेजवळ आले नाहीत. मला ते खटकले. पण खटकलेले कागदावर लिहिता येत नाही.

ठाण्यावर परतलो तर हेड कॉन्स्टेबलने खबर आणून ठेवलेली. रानाच्या कडेच्या पाड्यावर एकाजवळ ठासणीची बंदूक आहे, परवाना नाही, आणि त्या पहाटे तो रानात होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला आणून ओसरीवर बसवले. मी त्याच्यावर पुष्कळ ओरडलो. तो गुडघ्यांत मान घालून एकच म्हणत राहिला, "मी नाही, स्वामी." दुपार टळली, तरी त्याची बायको फडक्यात नाचणीचा गोळा बांधून फाटकाशी उभीच होती.

संध्याकाळी इस्पितळाचा दाखला वाचला. तो माझ्या टेबलावर दुपारपासून पडून होता, फक्त मी रागाच्या भरात उघडला नव्हता. जखम रायफलच्या एका गोळीची, खांद्यातून आरपार, हाडाला तडा. ठासणीच्या बंदुकीतून छर्रे उडतात. म्हणजे मी दिवसभर एका निरपराध माणसाला उपाशी बसवून ठेवले होते. मला स्वतःची लाज वाटली. बाहेर जाऊन मी त्याची माफी मागितली. फौजदाराने माफी मागण्याची पद्धत नव्हती. हेड कॉन्स्टेबल छताकडे पाहू लागला.

तो माणूस खाऊन झाल्यावर जायला उठला आणि सहज म्हणाला, "पण स्वामी, त्या लाल कपड्यातल्या माणसाला विचारलंत का?"

"कोणता लाल कपडा?"

"गोळीचा आवाज झाला तसा मी धावलो. लाल कापड पांघरलेला एक जण दुसऱ्याला पाठीवर घेऊन रस्त्याकडे पळत होता. रडत होता तो. अण्णा, अण्णा म्हणून."

"सकाळी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही बंदुकीचंच विचारत होता."

मी त्याचा जबाब लिहून घेतला.

दुसऱ्या दिवशी घटनास्थळाचा पंचनामा केला. गोंबे पाणवठ्याजवळ कुशीवर पडले होते. मी स्वतः जवळ जाईपर्यंत मला ते खरेच वाटले, आणि मी तर नकली हरीण शोधायलाच गेलो होतो. मानेत बारीक, स्वच्छ भोक. झूल कुठेच नाही.

तिथून तसाच अण्णांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नी, अक्का, अंगणात होत्या. दोरीवर लाल बनातीची झूल धुऊन वाळत घातलेली. मी ती दोन्ही बाजूंनी तपासली. रक्ताचे फिकट डाग होते, भोक एकही नव्हते.

"अक्का, ही झूल घरी कोणी आणली?"

"भावजींनी. अंगावर तशीच होती, तापानं कुडकुडत होते." त्यांनी झूल दोरीवर सारखी केली. "साहेब, तीन दिवस झाले, ते जेवायला आले नाहीत. मी डबा घेऊन खोलीवर गेले तर दार उघडलं नाही. यांना तिथं खांद्यापेक्षा तेच जास्त लागतंय. ते जिवाचं काही करून घेतील म्हणून यांच्या डोळ्याला डोळा नाही."

आता मला सगळे दिसले. झूल गोंब्यावर असती तर मानेतून गेलेली गोळी तिला भेदून गेली असती. अण्णा झुलीचा एवढा आग्रह का धरत होते हेही कळले. झूल होती म्हटले की सुभेदार आपोआप सुटतात, कारण स्वतःची झूल त्यांनी ओळखली नसती असे कोण म्हणेल?

सुभेदारांना ठाण्यावर बोलावले. ते इस्त्रीच्या कोटात आले. रायफल, परवाना आणि काडतुसे त्यांनी न मागता टेबलावर ठेवली आणि सावधान उभे राहिले. अशा माणसावर ओरडून उपयोग नसतो हे मी तोवर शिकलो होतो. मी त्यांना बसायला सांगितले, चहा मागवला आणि एवढेच विचारले, "सुभेदार, त्या पहाटे ताप किती होता?"

 कप खाली ठेवून ते लहान मुलासारखे रडले. मी पोलीस झाल्यापासून इतक्या ताठ माणसाला इतके मोडलेले पाहिले नव्हते.

"ब्रह्मदेशातून आणलेला हिवताप आहे माझा," ते म्हणाले. "दडणात बसलो आणि भरून आला. अण्णानं गोंब्यावरची झूल काढली आणि माझ्या अंगावर घातली. म्हणाला, दोन फर्लांग तर जायचं आहे, कोण बघतंय. साहेब, आमचे नियम आहेत. गोंबे नेताना मुंडकं काढून पिशवीत घालायचं, मानेपासून शेपटीपर्यंत लाल झूल टाकायची. नेणारा माणूस परत येऊन शेजारी बसल्याशिवाय रायफल भरायची नाही. आणि गोंब्याच्या रेषेत कधी कोणी थांबायचं नाही. हे सगळे मीच घालून दिलेत."

"मग मुंडकं का काढलं नव्हतं?"

"या वेळी मान शिवूनच टाकली होती त्यानं. जोड दिसतो, बरं दिसत नाही म्हणे. महिनाभर तो ओसरीवर शिवत होता आणि मी शेजारी बसून जेवत होतो. पाठीवरच्या ठिपक्यांना चुना मीच लावला." त्यांनी डोळे पुसले. "बोटं थरथरत होती, मागाहून भरता येणार नाही म्हणून रायफल आधीच भरून ठेवली. पुढे ग्लानी आली. डोळे उघडले तर धुक्यात, झुडपावर, चितळाची मान चाललेली. जिवंत. इतकं सुंदर जनावर मी आजवर पाहिलं नव्हतं. झूल माझ्या अंगावर होती, साहेब. माझ्या हातात तिचं टोक होतं. तरी मला आठवलं नाही."

"खोटा जबाब?"

"अण्णानं पाठीवरूनच शपथ घातली. म्हणाला, तुमची रायफल गेली की नोकरी गेली, नोकरी गेली की तुम्ही गेलात. मी गप्प बसलो. मला लिहून घ्या आणि आत टाका."

मी लिहून घेतले. निष्काळजीपणाने जबर दुखापत केल्याचा गुन्हा नोंदवला, रायफल मुद्देमालात जमा केली, सुभेदारांना जामिनावर सोडले. मग इस्पितळात जाऊन अण्णांचा दुसरा जबाब घेतला. ते माझ्यावर भयंकर चिडले.

"लिहा मग," ते म्हणाले. "झूल मी काढली. मान मी शिवली. त्यांच्या तापाचं मला ठाऊक होतं. गुन्हा माझा आहे. सरी? झालं समाधान?"

"गोळी तुम्ही झाडली नाहीत, अण्णा."

"गोंबे मी केलं ना. जनावराला फसवायला केलं आणि माझ्या घरचाच माणूस फसला. इतकं चांगलं कशाला करायचं होतं मी?" एवढे बोलून त्यांनी भिंतीकडे तोंड केले.

दोन्ही माणसे गुन्हा आपल्याकडे ओढत आहेत असा गुन्हा तपासायला मला कोणी शिकवले नव्हते. सुभेदारांनी भीती होती तसे जिवाचे काही करून घेतले नाही, कारण मी रोज हजेरीला यायला सांगितले होते आणि हुकूम मोडणे त्यांच्या रक्तात नव्हते. कायद्याने हजेरीची गरज नव्हती. ती मी मुद्दाम लावली होती. गिरणीची नोकरी मात्र गेली. अण्णांचा हात छातीच्या वर उचलेना; जाड कातड्यातून आरी रेटणे कायमचे संपले.

असा गुन्हा कोर्टाच्या परवानगीने आपसात मिटवता येतो. दुखापत झालेल्याने तसे म्हणायला हवे. दोन महिन्यांनी सुनावणी झाली. दंडाधिकारी म्हातारे, कडक गृहस्थ. त्यांनी अण्णांना कानडीत विचारले, "तुमच्यावर कोणाचा दबाव आहे? भरपाई पाहिजे?"

"भरपाई नको, स्वामी. एक अट आहे."

सुभेदार आरोपीच्या पिंजऱ्यात खाली मान घालून उभे होते. अण्णा त्यांच्याकडे न पाहता बोलले.

"हा माणूस दोन महिने आमच्या घराकडे फिरकला नाही. माझी बायको रोज तिसरं ताट वाढते, झाकून ठेवते आणि मग काढून टाकते. माझा हात गेला तो गेला. मला हे ताट बघवत नाही. इथून सरळ घरी जेवायला यायचं, आणि उद्याही यायचं. येणार असतील तर सही करतो. नाहीतर खटला चालू दे."

कोर्टात कोणी हसले नाही. दंडाधिकाऱ्यांनी चष्मा काढून पुसला आणि आरोपीला विचारले, "अट मान्य आहे?"

सुभेदारांनी टाचा जुळवल्या.  मग त्यांनी होकारार्थी मान हलवली. अण्णांनी डाव्या हाताने वेडीवाकडी सही केली. कारकुनाने 'प्रकरण आपसात मिटले' एवढेच लिहिले. अट हुकुमात घालायला रकाना नव्हता.

पुढे रानातल्या प्रत्येक शिकाऱ्याला परवाना तपासताना मी हे ऐकवत असे: नकली जनावराला झाकल्याशिवाय उचलू नका, आणि गेलेला माणूस शेजारी येऊन बसेपर्यंत रायफल भरू नका. काही ऐकत, काही हसत. हसणाऱ्याला मी सुभेदारांचे सांगे. इतका अनुभवी माणूस, स्वतः रंगवलेले हरीण, तरी चुकला.

माझ्यापुरता धडा वेगळा होता. खोटे बोलणारा माणूस स्वतःला वाचवतो एवढेच मला ठाऊक होते, आणि त्या समजुतीवर मी एकाला दिवसभर उपाशी बसवले, दुसऱ्याने खाटेवरून सांगितलेले खरे मानून लिहून घेतले. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत, जबाबावर सही झाली की मी पेनाला टोपण लावी आणि समोरच्याला विचारी, "हे लिहीत नाही, पण घरी कोण जेवायचं थांबलंय का?" पुष्कळदा माणसे चक्रावून माझ्याकडे बघत. कधीमधी एखादा मान खाली घाली आणि खरे बोलायला लागे.