टेबलाखालचे दादा

मोटारीच्या पत्र्याआड लाकडाचा सांगाडा असू शकतो, हे मला मुळशीत येईपर्यंत माहीत नव्हतं. मिस्त्रींनाही नव्हतं. मिस्त्री बैलगाड्या करणारे सुतार, पौड रस्त्याला त्यांची शेड. मी पार चांद्याकडचा, सातवीत दोनदा आपटून शाळा सोडलेला, दोन दिवस प्रवास करून कामाच्या शोधात आलेला. त्यांनी माझ्या तळहातावरचे घट्टे पाहिले आणि ठेवून घेतलं. मावशी, म्हणजे त्यांची बायको, तव्यावरची पहिली भाकरी माझ्या ताटात टाकायच्या. ती जागा सुटेल या धास्तीनं मी तेव्हा झोपेतसुद्धा रंधा मारायचो. त्यात मी घरी पत्र टाकून बसलेलो, की मी हल्ली मोटारी बनवतो. लग्न नुकतंच झालेलं, सासऱ्यांनी ते गावभर वाचून दाखवलं होतं.

मोटार एकच होती. दोन माणसांची, बिनछपराची, विलायती, शर्यतीच्या घाटाची, वयानं माझ्या बापाएवढी. कासार आंबोलीला बंगला बांधलेल्या पुण्याच्या एका साहेबांची. पुण्यातले गॅरेजवाले म्हणाले होते, पत्र्याचं करू, लाकडाचं नाही. म्हणून ती आमच्याकडे आली, तीही बैलजोडीनं ओढून. मिस्त्रींनी दाराचा पत्रा उचकटला, आतल्या लाकडात बोट घातलं. बोट आरपार गेलं. त्यांनी भुगा तळहातावर घेऊन साहेबांपुढे धरला.

"सायेब, ह्यात गाडी न्हाई, पीठ हाय."

"नवं करता येईल का?"

"यील की. फकस्त बैल कुटं जुपायचे तेवढं दावा."

साहेब हसले नाहीत. ते हसायचेच नाहीत. मला पाहिल्याबरोबर विचारलं, "शिक्षण किती?" मी सांगितलं. त्यांनी मान फिरवली, ती पार काम संपेपर्यंत माझ्याकडे वळली नाही.

सांगाडा आम्ही धामणीच्या लाकडाचा केला. धामण वाकते पण मोडत नाही. जुना तुकडा पुढे ठेवायचा, तसाच नवा काढायचा. तिथं काही चुकलं नाही. चुकलं ते डॅशबोर्डला.

त्यासाठी साहेबांनी शिसवाची एक फळी आणली. तिची एक बाजू आरशासारखी. "माझ्या वडिलांच्या टेबलाची आहे," ते मिस्त्रींना म्हणाले. "दुसरी मिळणार नाही. बिघडली तर हा मुलगा मला इथे दिसता कामा नये."

मिस्त्री म्हणाले, "सायेब, पोराच्या हाताला मी जामीन."

आता हे असं कुणी आपल्यासाठी बोललं की माणूस एकेक माप तीनदा घेतो. जुन्या डॅशबोर्डच्या पाठीला दोन पट्ट्या ठोकलेल्या, त्यामुळे तो फळीवर सपाट बसेना. मी तो पालथा घातला, पेन्सिल फिरवली आणि वेगाच्या, पेट्रोलच्या वगैरे घड्याळांची भोकं पाडली, दोन मोठी, तीन लहान. बैलगाडीच्या बाजूच्या फळीला उलटं-सुलटं नसतं. डावी उचलून उजवीकडे लावली तरी बैलांची तक्रार नाही. पण मोटारीत फळी धरून बघतो, तर स्टिअरिंगसमोर यायची दोन मोठी भोकं शेजारच्या सीटसमोर.

मी खाली बसलो. मिस्त्री आले, बघितलं, बिडी पेटवली.

"मंजी आता शेजारी बसल त्यानं सांगायचं, गाडी किती पळतीया."

"मिस्त्री, मी जातो गावाला."

"जाशील. आदी फळी पालथी कर."

पालथी केल्यावर भोकं बरोबर जागी आली. पण आता वर आली ती टेबलाची खालची बाजू, आणि तिच्यावर टोकदार कशानं तरी कोरलेलं एक तोंड. जाड मिशा, चष्मा, डोक्याला दोन शिंगं. त्या तोंडाचा जबडा जिथं होता, नेमकं तिथंच पेट्रोलच्या काट्याचं भोक पडलेलं.

रंधा मारला. मिशा गेल्या नाहीत. अजून मारावा तर फळी पातळ होणार. मिस्त्री म्हणाले, लाखेत भुसा कालवून भर, दिसायचं न्हाई. मी भरलं, वर पॉलिश चढवून फळी मोटारीत बसवली. लाख काळी पडली आणि आधी जरा पुसट होती ती शिंगं चांगली ठळक झाली. मावशी चहा घेऊन आल्या, वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "ह्यो कोन सासरा बसवलाय?"

ते झाकायला काही सुचेपर्यंत साहेब दारात. सांगितल्यापेक्षा एक दिवस आधी. थेट मोटारीत जाऊन बसले, स्टिअरिंगवर हात ठेवले आणि थांबले. मी मनातल्या मनात पिशवी भरायला घेतली, शर्ट, चादर, डबा.

"ही बाजू वर कुणी घेतली?"

"मी."

"मुद्दाम?"

मागून मिस्त्री शांतपणे म्हणाले, "व्हय सायेब. लई इचार केला दोगांनी."

साहेबांनी शिंगांवरून अंगठा फिरवला. "तिसरीत नापास झालो तेव्हा दादांनी, म्हणजे वडिलांनी, मला या टेबलाखाली बसवलं होतं. हातात कर्कटक होतं. वर ते पत्रं लिहीत होते." अंगठा मिशांवर आला. "कधी खाली वाकून बघितलं नाही त्यांनी."

मग ते हसायला लागले. इतके, की त्यांना चष्मा काढावा लागला. हसता हसता माझ्याकडे वळून म्हणाले, "सातवी म्हणालास ना? माझ्या चार यत्ता पुढे होतास की."

त्यानंतर पाच वर्षं मी त्याच शेडमध्ये होतो. खरं काय ते साहेबांना मी कधी सांगितलं नाही, मिस्त्रींनी सांगू दिलं नाही. साहेब अधूनमधून मोटार घेऊन यायचे, दारात उभी करायचे आणि काट्याकडे बोट दाखवून मला हाक मारायचे, "दादांना भूक लागलीय रे. पौडला पेट्रोल मिळेल का बघ."