मातीच्या बैलातलं गांडूळ

परवा लेकीनं मोबाइलवर एका दगडाचा फोटो दाखवला. त्यात प्राण्यांना हाडं-कवचं यायच्या आधीच्या काळातल्या एका मऊ किड्याचा ठसा होता. त्याचं आतडंसुद्धा काळ्या रेघेसारखं दिसत होतं. त्या रेघेवरून म्हणे पहिल्यावहिल्या प्राण्यांची पोटं कशी होती ते कळतं.

मला एकदम बडनेऱ्याच्या आमच्या घरातल्या ओल्या मातीचा वास आला. पोळ्याला आई मळ्यातल्या काळ्या मातीचे बैल करायची. ते वर्षभर कोनाड्यात राहायचे आणि पुढच्या पोळ्याला परत मळ्यात जायचे. एकदा ते काढताना माझ्या हातून एक बैल फुटला. आत गांडुळाचा पोकळ साचा होता, अंगावरच्या वळ्यांसकट, आणि त्यात मातीचा बारीक दोरा.

"आई, यातलं गांडूळ कुठी गेलं वं?"

"ते गेलं. त्यानं खाल्लेली माती तेवढी राह्यली."

"मंग हे गांडूळ हाय का माती?"

"मले काय मालूम? चाल, बैल दे इकडे."

मी दिला नाही, लपवून ठेवला.

आई गेली तेव्हा तिच्या अस्थी आम्ही नदीत सोडल्या. तो फुटका बैल मात्र अजून माझ्या कपाटात आहे. त्याच्या वशिंडावर आईच्या अंगठ्याच्या रेषा उमटल्या आहेत. टणक होतं ते वाहून गेलं आणि मऊ बोटाचं एवढं राहिलं, हे कसं, मला उमगत नाही. परवापासून त्या रेषांवर अंगठा ठेवून बघते. ही आई आहे की माती?