किहीमच्या पंगतीतला पाट

अलिबागकडे जायचं ठरवणारे लोक हल्ली मला निरोप पाठवून विचारतात, आजी, कुठे उतरायचं, काय खायचं, किती दिवस हाताशी ठेवायचे. माझी नात हे टाइप करते आणि म्हणते, एकदा सगळं लिहून टाक, म्हणजे रोज तीच उत्तरं द्यायला नकोत. म्हणून लिहिते. पण आधीच सांगते, मी तो किनारा सुट्टीत पाहिलेला नाही, संगीत नाटक कंपनीच्या सामानाबरोबर पाहिला. आपलं मराठी राज्य व्हायला तेव्हा दोन वर्षं होती. मी बावीस वर्षांची होते आणि स्वतःला फार मोठी गायिका समजत होते.

वडील गेल्यावर मी आणि आई दोघीच उरलो होतो. माझ्या गाण्याच्या मास्तरांनी कंपनीच्या मालकांशी गाठ घालून दिली. या कंपनीत नायिकेचं काम तोवर पुरुषच करत आले होते, आणि गेली सव्वीस वर्षं ते काम नाना करत होते. नाना पन्नाशीला आले होते. लोक आता नायिकेच्या कामाला बाईच मागू लागले, म्हणून मालकांनी मला घेतलं. दिवाळी आटोपली आणि आई पदर खोचून माझ्याबरोबर निघाली. तिच्याशिवाय मला कुणी एक पाऊल टाकू दिलं नसतं.

भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवस. तिकीट बारा आणे होतं असं आठवतं. आता मांडव्याला मोटारीसकट बोट लागते आणि लोक तासाभरात नारळपाणी पीत असतात. तेव्हा रेवसला ओहोटी लागली की लाँच लांब उभी राहायची आणि पुढे चिखल. मी नवी चप्पल घातली होती. एक पाय वर आला तो चप्पल सोडून आला. मागून कुणीतरी शांतपणे म्हणालं, "राहू दे ती. हातात घेऊन चालणारी नायिका बरी दिसत नाही." वळून पाहिलं तर एक गोरे, किरकोळ गृहस्थ, धोतर गुडघ्याच्या वर धरलेलं, पण धरण्याची पद्धत अशी की मी लुगडं तितकं छान कधी सावरलं नव्हतं. तेच नाना.

पडदे, पेट्या आणि ऑर्गन शिडाच्या मचव्यातून आधीच आले होते. रेवसहून किहीमपर्यंत बैलगाड्या. किहीमला एका वाडीत आमचं बिऱ्हाड पडलं. समोर समुद्र, डोक्यावर नारळ, आणि विहिरीचं पाणी जरा मचूळ. तिथला पांढरा कांदा मात्र जरूर खा, तो कच्चा खाल्ला तरी डोळ्यांतून टिपूस येत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी पहिली पंगत बसली. बंद पडवीत पाटांची ओळ. मधला मालकांचा, जरा उंच. मी आणि आई सगळ्यांच्या आधी पोचलो, कारण मला भूक आवरत नव्हती. मालकांच्या उजवीकडचा पाट खिडकीजवळ होता, वारा येत होता. मी त्यावर बसले. आई शेजारी बसली.

लोक येत गेले. ऑर्गनवाले आले, माझ्याकडे पाहिलं आणि खाली मान घालून बसले. तबलजी आले, त्यांनीही तसंच केलं. मला वाटलं, नवी बाई म्हणून लाजतायत. मग नाना आंघोळ करून आले. उंबऱ्यात थांबले. तेवढ्यात मालक आतून आले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. नाना ओळीच्या टोकाला गेले आणि शेवटच्या पाटावर, दाराच्या फटीतून ऊन येत होतं तिथे, बसले. आचारी सखारामकाका तुपाचं भांडं घेऊन उभेच राहिले. मग त्यांनी पहिलं तूप मला वाढलं.

जेवणं झाल्यावर मालक माझ्याकडे बघून म्हणाले, "नायिका यापुढे शालूच करील. नानांनी मन मोठं केलं." मी आनंदाने आईचा हात दाबला. त्या संध्याकाळी समुद्रावर मी इतकी फिरले की पायांना फोड आले.

किहीम आणि अलिबाग मिळून दोन महिने गेले. नानांना नाटकात म्हाताऱ्या दाईचं काम दिलं, वाक्यं मोजून दोन. दुपारी लोक लवंडले की ते मला शिकवायला बसायचे. ते आपणहून शिकवत होते, हे मला तेव्हा विशेष वाटलं नाही. वाटलं, कामच आहे त्यांचं. निऱ्या कशा काढायच्या, पदराचं टोक बोटांत किती धरायचं. "तू बाई आहेस," ते म्हणायचे, "म्हणून तू बाईसारखं चालायचा विचारच करत नाहीस. मी सव्वीस वर्षं केला." आणि ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून दाखवायचे. टक्कल पडलेला, जानवं घातलेला माणूस, आणि मला मात्र लाज वाटायची ती माझ्या चालण्याची.

पौषात मुरुडला निघालो. रेवदंड्यापर्यंत एस्टी, मग खाडी होडीने, पलीकडे साळावहून पुन्हा एस्टी. आता पूल आहे, तुम्हाला खाडी ओलांडल्याचं कळायचंही नाही. होडीत ऑर्गन ठेवला की माणसं चारच बसायची. मुरुडला कोळीवाड्याच्या पलीकडे मोहल्ल्यात एका लाकडाच्या व्यापाऱ्याने गोदाम रिकामं करून दिलं होतं. त्या व्यापाऱ्याचे म्हातारे चाचा रोज यायचे आणि पडदे टांगताना बघत बसायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी मालकांना विचारलं, "वो नानासाहब नजर नहीं आते? हम तो उनके वास्ते आये."

"आहेत ना," मालक म्हणाले, "आता दुसरं काम करतात."

"अच्छा," म्हणाले चाचा, आणि त्या दिवशी चहा न घेताच गेले.

मला राग आला. तणतणत स्वयंपाकघरात गेले आणि सखारामकाकांना म्हटलं, नानांनी स्वतः काम सोडलं, मी काय हिसकावून घेतलं?

काका वाल सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही. "ताई, तुम्हाला खरंच ठाव न्हाय का?"

"काय?"

"आपल्या कंपनीत कुणाला तोंडावर सांगत न्हाईत, की तुझं काम गेलं. मालक मला सांगतात, मी पाट हलवतो. मानूस येतो, बघतो, समजतो. मालकांच्या उजव्या हाताचा पाट नायिकेचा. किहीमला मी तो नानांसाठीच मांडला व्हता. एक खेळ त्यांचा, एक तुमचा, असं ठरलं व्हतं. जाहिराती पन त्यांच्याच नावाच्या छापल्यात. तुम्ही येऊन बसलात. नानांना वाटलं, मालकांनी बसवली. मालकांना वाटलं, नानांनी आपनहून जागा दिली. कोन कुनाला विचारनार?"

मी म्हटलं, "मग तुम्ही का नाही बोललात?"

"आचाऱ्यानं पंगतीत बोलायचं असतं व्हय?"

मी भिंतीला टेकून उभी राहिले. काका म्हणाले, "माघात पालीची जत्रा हाय. नानांचं गाव तिथनं दोन कोसांवर. भातशेतीची मानसं, चार सालांनी बघायला येतील. नाना मागनार न्हाईत. पन त्या दिवशी दुपारी तुम्ही दुसऱ्या कुठल्या पाटावर बसा. बाकी सगळं आपोआप होईल."

बसेन, म्हणाले मी. अगदी मनापासून म्हणाले.

मुरुड ते पाली हा आमचा सगळ्यात वाईट प्रवास. लॉरी, मग होडी, मग पुन्हा लॉरी, नागोठण्याला मुक्काम, आणि तिथून धुळीचा रस्ता. तुम्ही जाल तर माघी चतुर्थी सोडून जा, बल्लाळेश्वराचं दर्शन निवांत होईल. पण मला ती गर्दीच आठवते. डोंगरातली माणसं, पोरं खांद्यावर, घोंगड्या, गुळाच्या ढेपा, वाटाण्याच्या उसळीचे टोप. देवळामागच्या मोकळ्या जागेत आमची कनात उभी राहिली. जाहिराती आधीच गावोगाव गेल्या होत्या, नानांच्या नावाच्या. नाना सकाळीच दाढी करून, स्वच्छ सदरा घालून रस्त्याकडे बघत होते. कुणाची वाट बघताय विचारलं तर म्हणाले, "आक्का येईल. मोठी बहीण. डोळ्यात मोतीबिंदू आहे, पण येईल."

दुपारी पंगत मांडली. मी तिसऱ्या पाटावर जाऊन बसले. आई म्हणाली, "तिथे काय बसतेस? तुझी जागा ही." सखारामकाका दारात उभे होते. नाना अजून यायचे होते. बाहेरून जत्रेचा आवाज येत होता. इतकी माणसं मी गाण्यासाठी जमलेली कधी पाहिली नव्हती. मला त्यांच्यापुढे गायचं होतं. एवढंच कारण. दुसरं कुठलंही कारण मी आजवर शोधून पाहिलं, सापडलं नाही. मी उठले आणि मालकांच्या उजवीकडे जाऊन बसले. नाना आले, शेवटच्या पाटावर बसले आणि सखारामकाकांना म्हणाले, "वालाचं बिरडं झकास झालंय." त्यांनी अजून घासही घेतला नव्हता.

खेळ उत्तम झाला. तीन पदांना वन्समोअर मिळाला. एवढं लिहिते आणि पुढे जाते.

सकाळी मी केस विंचरत बिऱ्हाडाच्या अंगणात बसले होते, तेव्हा एक म्हातारी काठी टेकत आली, मागे गावातली सात-आठ माणसं, त्यांतल्या एकाच्या डोक्यावर तिची टोपली. नाना धावत पुढे गेले आणि वाकून पाया पडले. आक्काने त्यांचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला.

"काय गायलास रं नाना," ती म्हणाली. "ह्या वयात असला गळा. अन् दिसत व्हतास किती ग्वाड. ही समदी सांगत व्हती, म्हातारा झाला आसंल. म्या म्हनलं, बगा."

मागची माणसं माना डोलवत होती. त्यांनी जाहिरात वाचून घेतली होती, नायिकेच्या नावापुढे नानांचं नाव होतं, आणि लांब घोंगडीवर बसून त्यांनी मला नाना समजून पाहिलं होतं. माझा हात केसांतच राहिला. आता नाना सांगतील, आणि ही सगळी माणसं माझ्याकडे बघतील, असं वाटलं.

नानांनी तिच्या हातातली काठी घेतली. सव्वीस वर्षं कंपनीत राहून त्यांची भाषा अगदी नायिकेची झाली होती, ती मी पहिल्यांदाच गळून पडताना ऐकली. "लई लांबनं आलीस, आक्का. बस."

"बसते. पन येक सांगू? ती म्हातारी दाई मातुर उगाच मदी मदी येत व्हती. तिला काय जमत न्हाय."

"व्हय," नाना म्हणाले. "तिचं वय झालं आता."

आक्काने टोपलीतून मीठमोहऱ्या काढल्या. भावाला गर्दीची दृष्ट लागली असणार म्हणून घरूनच बांधून आणल्या होत्या. नानांना पायरीवर बसवलं आणि डोक्यावरून तीनदा ओवाळल्या. ते डोळे मिटून बसले होते. ती मूठ चुलीत टाकायला निघाली तेव्हा त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे बोट केलं.

"हिचीबी काढ, आक्का. राती हिनंबी काम केलं."

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. आक्काचा हात माझ्या तोंडावरून फिरला. तिने विचारलं, "तू कुटलं काम केलंस, बाय?"

मी म्हणाले, "लहानसं होतं."

नाना त्याच दिवशी तिच्याबरोबर गावी गेले. मालकांना म्हणाले, चार दिवस राहून येतो. पेटी मात्र बरोबर घेतली. जाताना त्यांनी माझा पदर खांद्यावर नीट करून दिला. ते परत आले नाहीत.

पुढे चैत्र-वैशाखात पेणच्या बाजूची गावं केली, पावसाळ्याचे चार महिने अलिबागला तालमीत घालवले. त्याचं वर्णन वाचून तुमच्या सहलीला काही उपयोग नाही. सखारामकाका रोज शेवटचा पाट मांडायचे, जेवणं झाली की तसाच उचलून ठेवायचे. मालकांनी त्यांना कधी थांबवलं नाही, आणि मीही माझ्या जागेवरून उठले नाही. नांदीला नानांचा सूर नसायचा, त्या जागी सगळे जरा थांबत आणि मग पुढे जात. दसऱ्याला रेवसहून लाँचने परतलो. भरती होती, चिखल लागला नाही. वर्षभरात कंपनी मोडली आणि मी एका शाळेत गाणं शिकवू लागले.

किती दिवस ठेवायचे, असं विचारता म्हणून सांगते, पाच पुरेत. किहीमला दोन, मुरुडला दोन, पालीला एक. सुकट आणि तांदळाची भाकरी चुकवू नका. आमच्या घरात आता पाट नाहीत, टेबल आहे. सहा खुर्च्या आहेत आणि जेवायला आम्ही तिघं असतो. तरी मी रोज खुर्चीला हात लावून विचारते, "इथे कुणी बसणार आहे का?" नात हसते. "आजी, तुझंच घर आहे," म्हणते. मी तिचं उत्तर येईपर्यंत उभी राहते, मगच बसते.