अकरावीच्या पोरींसाठी काढलेला सिनेमा

पडद्यावर काळं जॅकेट घातलेला माणूस झाडाआडून बाहेर आला आणि अकरावीचा अख्खा वर्ग हसला. मागच्या बाकावरचा कोणी तरी हिंदीत म्हणाला, अबे, ये तो अपना कैमरेवाला भैया है. मग हसू थांबेचना. मी पडद्याशेजारी, मुलांकडे तोंड करून बसले होते, कारण आमच्या विषयाच्या मॅडमनी सांगितलं होतं की सिनेमा बघू नकोस, बघणाऱ्यांना बघ. मी बघत होते. निम्म्या वर्गाच्या तोंडावर मोबाइलचा उजेड होता. खिडकीजवळच्या मुली केसांच्या पिनांची अदलाबदल करत होत्या. आमची नायिका पडद्यावर जीव मुठीत घेऊन पळत होती आणि तिच्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं.

मी तेव्हा गोंदियाच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होते. सौंदडहून रेल्वेने यायचे. आमच्या विषयाला प्रकल्प म्हणून लघुपट करायचा होता आणि आम्ही तिघांनी थरारपट निवडला होता. कॅमेरा सांभाळणारा मुर्री गावचा मित्र, कारण त्याच्याकडे बरा फोन होता. नायिकेचं काम करणारी माझी मैत्रीण, नागऱ्याच्या पलीकडच्या एका खेड्यातली, धानाची शेती असलेल्या घरातली. आणि मी, लिहिणारी, जोडणारी, सगळ्यांच्या डोक्यावर बसणारी. मॅडमची अट एकच होती. सिनेमा कोणासाठी आहे ते आधी ठरवा, त्यांना दाखवा, आणि तो त्यांना धरून ठेवतो की नाही ते मला सांगा. आम्ही ठरवलं, अकरावी-बारावीची मुलं. आमच्याहून थोडीशीच लहान, म्हणून सोपं जाईल असं वाटलं.

त्या दिवशी वर्ग रिकामा झाल्यावर मॅडम पुन्हा करा, इतकंच म्हणाल्या. जमा करायची तारीख डोक्यावर होती. मैत्रिणीला घरून पुन्हा शूटिंगला सोडतील याची खात्री नव्हती. लॅबमधला संगणक दर थोड्या वेळाने अडकायचा. प्रकल्प गेला असता तर वर्ष गेलं असतं, आणि माझ्या घरी दुसरं वर्ष कोणी दिलं नसतं. मी पंख्याखाली बसून राहिले. कॅमेरावाला मित्र जॅकेटची घडी करत होता आणि माझ्याकडे बघत नव्हता.

पिना बदलणाऱ्या मुलींपैकी एक परत आली. तिचा डबा बाकात राहिला होता. मी तिला विचारलं, भीती का नाही वाटली. ती आधी लाजली, मग म्हणाली की असं झाडामागून कोणी येत नाही. मी विचारलं, मग कसं येतात. ती म्हणाली, मोटरसायकलवर येतात, मागून हळू करतात, नाव घेऊन बोलावतात, चल सोडून देतो म्हणतात, आणि गावातलेच राहतात.

"मग त्याची भीती वाटते ना?" मी म्हटलं.

"त्याची नाही वाटत तेवढी," ती म्हणाली. "घरी मालूम पडलं तर कॉलेज बंद होईल, त्याची वाटते."

डबा घेऊन ती निघून गेली. मी तशीच बसले. मलाही ते माहीत होतं. सौंदडच्या स्टेशनवरून घरी जाताना मी स्वतः किती वेळा मान खाली घालून चालले होते, आणि आईने विचारल्यावर ‘काही नाही’ म्हटलं होतं. तरी सिनेमा करायला बसले तेव्हा मला काळं जॅकेटच सुचलं होतं.

आम्ही नव्याने लिहिलं. नायिका कॉलेजातून परत येते, बसमधून उतरते, तलावाच्या पाळीवरून घराकडे चालते. मागे मोटरसायकलचा आवाज. तो जवळ येतो, मंद होतो, थांबत नाही. माणूस दिसतच नाही. मग तिच्या आईचा फोन येतो. बस्स, एवढंच.

पाळ मैत्रिणीच्याच गावची घेतली. तिच्या घरच्यांनी कधी काळी तो तलाव बांधून घेतला असं गावात सांगत, आणि तिचे बाबा पाळीवरचं झाडझुडूप अजून स्वतः साफ करत. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला धान कापून झालेल्या बांध्या, बांध घातलेली शेतं, त्यांत लाखोरीचं कडधान्य उगवलेलं. तिथे शूटिंग करायचं म्हणून तिला घरून लगेच सोडलं, कारण ती घरापासून लांब जाणार नव्हती. फोनवरच्या आईचा आवाज कोणाचा घ्यावा असा प्रश्न पडला तेव्हा तिची आई स्वतःच म्हणाली, मी देते. काकू चुलीपाशी बसून फोनमध्ये बोलल्या, कुठं आहेस वं, भात निवून राहिला. दोनदा बोलल्या, पहिल्या वेळी हसू आलं म्हणून.

मैत्रिणीने पाळीवर जे काम केलं ते मी तिला सांगितलेलं नव्हतं. मी म्हटलं होतं, आवाज आला की घाबर. ती घाबरली नाही. तिने ओढणी नीट केली, पिशवी पुढे घेतली आणि चाल तीच ठेवली. वेग वाढवला नाही. फोन उचलला आणि सरळ आवाजात म्हणाली, आलीच, काही नाही. मित्राने फोन खाली केला आणि म्हणाला, परत घ्यायची गरज नाही. मी तिला काही विचारलं नाही.

दुसऱ्यांदा दाखवलं तेव्हा मी पुन्हा पडद्याशेजारी बसले. पहिले काही क्षण तसंच चाललं, बाक वाजवणं, खोकणं. मग मोटरसायकलचा आवाज मंद झाला आणि मुलींच्या बाजूने सगळं गप्प झालं. मुलं थोड्या उशिरा गप्प झाली, आपल्याच वर्गातल्या मुली गप्प झाल्यात हे कळल्यावर. फोन वाजला. आम्ही साधीच रिंग ठेवली होती, सगळ्यांच्या फोनवर असते ती. तीन-चार मुलींचा हात आपापल्या पिशवीकडे गेला. नायिका ‘आलीच, काही नाही’ म्हणाली तेव्हा डबा विसरलेली ती मुलगी खाली बघत होती आणि तिच्या शेजारणीने तिचं मनगट धरलं होतं.

संपल्यावर मॅडमचे डोळे भरले होते. त्या म्हणाल्या, हा पालक मेळाव्यात दाखवू. मला आनंदाने काय करावं सुचेना. वर्ष वाचलं होतं.

मेळावा दुपारचा होता. मैत्रिणीचे बाबा धुतलेला सदरा घालून आले, पोरीचं काम बघायला. मधल्या रांगेत बसले. मी त्यांना बघत होते, आता ती सवयच लागली होती. पाळ दिसली तेव्हा त्यांनी शेजारच्याला हात लावून काही तरी सांगितलं, आमचा तलाव म्हणून असेल. काकूंचा आवाज आला तेव्हा ते हसले. मग पोरीचं ते ‘काही नाही’ आलं आणि त्यांचा चेहरा जो बंद झाला तो दिवे लागल्यावरही उघडला नाही. ते चहाला थांबले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मैत्रीण कॉलेजला आली नाही. त्यानंतरही नाही. फोन बंद. कॅमेरावाला मित्र म्हणाला, जाऊन येऊ. मला जायचं नव्हतं आणि न जाताही राहवत नव्हतं. त्याच्या गाडीवर गेलो. पाळीवरून जाताना आमच्याच मोटरसायकलचा आवाज मला सहन होईना, मी त्याला ती बंद करायला लावली आणि आम्ही चालत गेलो.

काका, म्हणजे तिचे बाबा, पुढच्या ओसरीसारख्या सपरीत खाटेवर बसले होते. बस म्हणाले. काकूंनी पाणी दिलं आणि आत गेल्या नाहीत, भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. मैत्रीण दाराच्या चौकटीत होती. मी येताना सगळं ठरवून आले होते, परीक्षा जवळ आली आहे, हजेरीचं बघता येईल, मॅडम स्वतः येतील. त्यातलं काही बोलायच्या आत काकांनी विचारलं.

"पिच्चरमधी दाखवलं ते खरं हाय का खोटं?"

खोटं म्हटलं असतं तर ती दुसऱ्या दिवशी कॉलेजात आली असती. खरं म्हटलं असतं तर कधीच नाही. मी सिनेमा आहे काका, असं काही तरी पुटपुटले. माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. मी वर बघितलं तर मैत्रीण माझ्याकडे बघत नव्हती, बाबांकडे बघत होती.

"खरं हाय बाबा," ती म्हणाली.

काकांनी विचारलं, काऊन नाई सांगतलं. ती म्हणाली, सांगतलं असतं तं कॉलेज बंद केलं असतं. हे ती रागाने बोलली नाही. काकांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. ते चिडले असते तर मला सोपं गेलं असतं. ते माझ्याकडे वळले.

"तू हा कोनासाठी बनवला?"

अकरावी-बारावीच्या मुलींसाठी, मी म्हटलं.

"त्यायले तं माहीतच हाय. मंग त्यायलेच कायले दाखवून राहिली?"

मित्र उठून म्हणाला, काका, मी रोज तिला बसपर्यंत सोडीन, आणि मोटरसायकलवालेही हेच म्हणतात ते त्याच्या लगेच लक्षात आलं. खाली बसला. काका म्हणाले, मी तरी काय करू, सांग. रोज हिच्यामागं फिरू का बांधीत जाऊ. त्या बोलण्यात अडवणूक नव्हती. त्यांना खरोखर कळत नव्हतं, आणि आम्हाला तिघांनाही कळत नव्हतं. काकू भिंतीपाशी पदराने डोळे पुसत होत्या. त्यांनी तो आवाज आपल्या हौसेने दिला होता.

मी हात जोडले. परीक्षेला तरी बसू द्या म्हटलं, पुन्हा पुन्हा तेच म्हटलं, शेवटी रडायलाच लागले. काका म्हणाले, परीक्षेले मी स्वतः आनतो. त्याच्यापुढं नाई.

त्यांनी शब्द पाळला. प्रत्येक पेपरला ते तिला घेऊन आले आणि पेपर संपेपर्यंत फाटकाबाहेर कडुलिंबाखाली बसून राहिले. तिला माझ्याहून चांगले गुण पडले. नागपूरला जाऊन पुढे शिकायचं आमचं दोघींचं ठरलं होतं. मी एकटी गेले. तिचं पुढच्या उन्हाळ्यात लग्न झालं, सासर चांगलं आहे, मी लग्नाला गेले होते. तिने मला मांडवात मिठी मारली आणि सिनेमाबद्दल एक अक्षर काढलं नाही.

तो मोटरसायकलवाला कोण होता हे तिने कोणालाच सांगितलं नाही. काकांनी तेव्हा गावात दोघा-तिघांना विचारून बघितलं होतं. सगळ्यांनी माहीत नाही म्हणून मान हलवली. त्यांपैकी एक जण तोच होता असं ती मला एकदा फोनवर म्हणाली, आणि मग आईने हाक मारली म्हणून तिने फोन ठेवला.