पुनव घोडीचा दाखला

वासुदेवराव समोरच्या माणसाचं तोंड नंतर बघतात, आधी पाय बघतात. सेलू तालुक्यातल्या बैलबाजारात चौतीस वर्षं पावत्या फाडल्यावर नजर खुरापासून सुरू होते आणि मग वर जाते. मुलासाठी स्थळ बघायला गेले तेव्हा यामिनी पोह्यांचा ट्रे घेऊन आली आणि वासुदेवराव पहिलं वाक्य बोलले, "डाव्या पायानं दबून चालून राह्यली. टाचेले चप्पल लागली का?"

त्यांच्या बायकोनं, देवकाबाईंनी, कपाळावर हात मारला. "सून पाहाले आलो का बैल?"

टाचेला खरंच फोड होता. यामिनी हसली. सासऱ्या-सुनेचं तिथंच जमलं.

यामिनी आता सेलूतल्याच एका शाळेत गणित शिकवते. तर एका रविवारी ती अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मध्येच तिनं फोन बघितला आणि शेंगा तशाच राहिल्या.

"काय झालं?" वासुदेवरावांनी विचारलं.

"काही नाही मामाजी. घोडी गेली."

ते खुर्चीतून निम्मे उठलेच. "कोनाची?"

"माझी."

"तुही घोडी? कोठी बांधली होती?"

"फोनात!" स्वयंपाकघरातून देवकाबाई ओरडल्या. "चार वर्षं झाले बांधून. दाना खाते, पानी पेते, शेन तेवढं टाकत नाई."

तो घोड्यांचा खेळ होता. शिंगरू घ्यायचं, वाढवायचं, पळायला शिकवायचं. रोज वह्या तपासून झाल्या की यामिनी पंधरा मिनिटं त्यात असायची. तिच्या काळ्या घोडीचं नाव पुनव. पुनव पाण्याला बिचकायची. तिला नदी ओलांडायला शिकवण्यात एक अख्खी उन्हाळ्याची सुट्टी गेली होती. या खेळातले घोडे देण्या-घेण्यासाठी इंटरनेटवर एक वेगळा बाजार आहे. तिथं यामिनीनं पुनवला पंधरा दिवसांच्या बदलीवर दिलं. तिची घोडी त्याच्याकडे, त्याचा घोडा हिच्याकडे, शिंगरू झालं की आपापलं जनावर परत. तिसऱ्या दिवशी कळलं, हिच्याकडे आलेला घोडा चोरीचा. खेळवाल्यांनी तो काढून नेला. बदली करणारा माणूस गायब, आणि पुनव त्यानं पुढं कुणाला तरी देऊन टाकलेली.

"बाजारवाले काय म्हन्तात?"

यामिनीनं वाचून दाखवलं. "आम्ही केवळ जागा उपलब्ध करून देतो. व्यवहाराची जबाबदारी वापरकर्त्यांची आहे. वस्तू आभासी स्वरूपाची आहे."

वासुदेवरावांनी खुर्ची पुढं ओढली. मग म्हणाले, "बदलीवर त्यायनं कट घेतला?"

"घेतला."

"मंग नुसती जागा कशी? जागा त रस्ताबी देते. रस्ता कट घेते का?"

"घेते ना," देवकाबाई बाहेर आल्या. "टोल."

"त्याले खड्ड्याचंबी उत्तर द्या लागते!" ते इतक्या जोरात बोलले की देवकाबाई चमकल्या. "ते पहिलं वाक्य पुन्हा वाच."

"आम्ही केवळ जागा उपलब्ध करून देतो."

"हे माह्यं वाक्य आहे," वासुदेवराव म्हणाले. "मी बोललो होतो हे. टेबलामागं बसून."

तेव्हा ते तिशीत होते. भर बाजारात एक दलाल एका अनोळखी माणसाला घेऊन आला. पावतीवर एक रकाना असायचा, विकणाऱ्याला ओळखणारा कोण. रांग मोठी होती, ऊन डोक्यावर. दलाल म्हणाला, "लिहा ना साहेब, वळखीचा." वासुदेवरावांनी लिहिलं. आठ दिवसांनी नाचणगावचा एक माणूस रिकामं दावं घेऊन टेबलासमोर उभा राहिला. बैल त्याचा होता, गोठ्यातून गेलेला.

"मी त्याले म्हनलो, भाऊ, आम्ही फक्त जागा देतो. तो भांडला नाई. दोन बाजार माह्या टेबलासमोर बसून राह्यला. दावं मांडीवर. तिसऱ्या बाजाराले मीच उठलो."

पावतीवरच्या खुणा घेऊन ते गावोगाव हिंडले. रंग ढवळा, दात सहा, डावा कान चिरलेला. बैल जाम गावात सापडला, महादेवराव नावाच्या माणसाच्या दारात. महादेवराव म्हणाले, "मी त पावती पाहूनच घेतला ना हो. पावती तुमचीच."

"बैल नेला परत," वासुदेवराव म्हणाले. "पन महादेवरावचा काय दोष? त्याले मी बाजाराच्या कागदावर लिहून देलं, चूक याची नाई, बाजाराची आहे. खाली सही केली. साहेबानं वर्षभर मले फाटकावर उभं केलं त्यापायी. पन तेवढा कागद घेऊन तो ताठ मानेनं बाजार समितीसमोर आपले पैसे मांगू त शकला."

दुसऱ्या दिवशी यामिनीनं जिल्हा ग्राहक आयोगासाठी तक्रारीचा मसुदा लिहिला. वासुदेवरावांनी चष्मा चढवला. "'एक दुर्मीळ श्रेणीचा आभासी अश्व.' हे काय वर्नन झालं? याच्यावर कोनताबी घोडा उभा करतीन तुह्यापुढं. खूण सांग."

"काळी आहे."

"काळ्या लय असतात."

"डाव्या कानाखाली पांढरा ठिपका. वाकडा, कोयरीसारखा. जन्मतःच आहे, प्रत्येकीचा वेगळा असतो."

"लिही. चाल?"

यामिनीनं लिहिता लिहिता मान वर केली. "पाण्याजवळ आली की एकदा मागं बघते. मग उतरते."

"हेबी लिही," वासुदेवराव हळूच म्हणाले. "हे पहिले लिही."

तक्रारीची प्रत बाजारवाल्यांना गेली. महिन्याभरानं उत्तर आलं, आणि या खेपेला भाषा तुपातली होती. सदिच्छा म्हणून आपली घोडी चोवीस तासांत परत करण्यात येईल. जबाबदारी मान्य नाही. कृपया तक्रार मागे घ्यावी.

"आली घोडी!" देवकाबाईंनी हातातलं लाटणं उंच केलं. चार वर्षं टोमणे मारणाऱ्या त्याच. "घे बाई, लवकर हो म्हन. मन बदललं त्यायचं त?"

यामिनीचं बोट 'मान्य' या शब्दावर होतं. तिला पुनव हवी होती. महिनाभर तिनं खेळातला रिकामा तबेला उघडून बघितला नव्हता. पण तिनं आधी एक प्रश्न पाठवला. ती आता ज्यांच्याकडे आहे त्यांचं काय? उत्तर लगेच आलं. त्यांच्या खात्यातून वस्तू काढून घेण्यात येईल. तो विषय आपला नाही.

तिनं फोन उपडा ठेवला. "मामाजी, तुम्ही तो कागद दिला नसता तर महादेवरावांच्या हातात काय राहिलं असतं?"

"रिकामं दावं."

"काय करू मग?"

"घोडी तुही आहे. मी सांगनार नाई."

"सांगा ना हो," देवकाबाई म्हणाल्या. "एरवी त लय सांगता."

वासुदेवराव उठून तुळशीला पाणी घालायला गेले. सकाळी घातलेलं होतं.

यामिनीनं बराच वेळ घेतला. दोनदा लिहिलं, दोनदा पुसलं. शेवटी पाठवलं ते असं: घोडी परत द्या, ती माझी आहे. सध्या ज्यांच्याकडे आहे त्यांना लिहून द्या, की चूक त्यांची नाही, बाजाराची आहे. ते पत्र निघेपर्यंत तक्रार राहील.

चोवीस तास गेले. मग चोवीस दिवस गेले. घोडी आली नाही, उत्तरही आलं नाही. देवकाबाई म्हणाल्या, "दोघंबी सारखेच." आणि आयोगातल्या सुनावणीच्या दिवशी सासऱ्या-सुनेसाठी डबा भरून दिला.

वर्ध्याच्या बसमध्ये यामिनीनं विचारलं, "आयोगानं 'घोडी म्हणजे नक्की काय' असं विचारलं तर?"

"तू काय सांगशीन?"

तिनं खिडकीबाहेर बघत सुरू केलं. "नाव पुनव. रंग काळा. डाव्या कानाखाली वाकडा पांढरा ठिपका. पाण्याजवळ आली की एकदा मागं बघते..."

पुढच्या सीटवरच्या बाईंनी वळून पाहिलं. "घोडी हारपली का बाई तुमची? कोन्या गावची?"

"बाजारातून गेली," वासुदेवराव म्हणाले. "बाजारालेच इचाराले चाललो."