अप्पांचा राणीछाप रुपया

आमच्या घराण्यात वारशाने आलेली मौल्यवान वस्तू एकच होती, आणि ती आम्ही आंघोळ घालून वाया घालवली.

वस्तू म्हणजे चांदीचा राणीछाप रुपया. आजोबांनी जाताना दोन्ही मुलांच्या हातावर एकेक ठेवला होता. थोरले बापूकाका ठाण्याला माजिवड्यात राहायचे, धाकटे आमचे अप्पा डोंबिवलीत. अप्पांचा रुपया काळाकुट्ट पडलेला. त्यामुळे बारसं असो की मुंज, बापूकाका पंगतीत हमखास सांगायचे, की बाबांनी मला चांदीचा दिला आणि दत्तूला शिशाचा! सगळे हसायचे. अप्पाही हसायचे, पण मग त्यांच्या पानातलं गोड तसंच राहायचं. (ते मी खायचो. म्हणून मला ही गोष्ट फार उशिरा खुपली.)

रिटायर झाल्यावर अप्पा एकदा म्हणाले, "मला कळायला हवं रे. बाबांनी मला खरंच खोटं नाणं दिलं असेल?"

ही नव्वदच्या आसपासची गोष्ट. ऑफिसातल्या एकाने मला सांगितलं, की अमेरिकेत म्हणे नाणी तपासून त्यांना शाळेतल्यासारखी ग्रेड देतात आणि सर्टिफिकेटसकट प्लास्टिकच्या डबीत कायमची बंद करून पाठवतात. ठाण्यात एक गृहस्थ होते, ते आधी स्वतः पारखून मगच नाणं तिकडे धाडायचे. मी लगेच त्यांची वेळ घेतली.

आता आमच्याकडची रीत अशी, की डॉक्टरकडे जायचं असलं तरी पेशंटला आधी आंघोळ. इथे तर रुपया अमेरिकेला निघालेला! काळ्या तोंडाने कसा पाठवायचा? आईने त्याला चिंचेच्या कोळात बुडवून ठेवलं. माझ्या बायकोने दंतमंजन चोळलं. तरी राणीच्या केसांत थोडा काळेपणा राहिला, तेव्हा मी रांगोळी घेऊन बसलो आणि अंगठा सुजेपर्यंत घासत राहिलो. रुपया असा लखलखला, की आईने त्याला ओवाळलं! अप्पा तो उजेडात धरून कितीतरी वेळ बघत होते. चांदीच आहे रे, एवढंच म्हणाले.

ठाण्याच्या गृहस्थांनी भिंग लावलं, वजन केलं, आणि मयताची बातमी आणणाऱ्या माणसासारखा चेहरा केला.

"हे घासलंय कोणी?"

तिघांनी मिळून, असं मी अभिमानाने सांगितलं.

"नाणं अस्सल आहे," ते म्हणाले. "पण त्याचं तोंड खरवडलंत हो तुम्ही. तो काळा थर धरायला पिढ्या जातात. असं घासलेलं नाणं तिकडून ग्रेड न देता परत येतं."

परत काळं करता येईल का, असं मी विचारलं. त्यांनी भिंग पुसून खणात ठेवून दिलं. अप्पांना मात्र अस्सल एवढंच ऐकू आलं होतं. त्यांना तसंच माजिवड्याला जायचं होतं. रिक्षात ते रुपया मुठीत धरून बसले होते आणि मी त्यांना इतकं खुश कधी पाहिलं नव्हतं.

बापूकाकांनी रुपया उलटसुलट केला. काळा होता तेव्हा त्याला शिशाचा म्हणणारे काका आता म्हणाले, "एवढा चकचकीत? दत्तू, सोनाराकडून नवा पाडून आणलास की काय?" मग त्यांनी सर्टिफिकेट मागितलं. ते कुठून असणार! ते मीच रांगोळीने घासून काढलं होतं. ह्या वेळी अप्पा हसले नाहीत. परतताना मला एवढंच म्हणाले, की जाऊ दे, तू तरी काय करणार. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यानंतर दोन-तीन वर्षांत अप्पा गेले. दिवस झाल्यावर बापूकाकांनी मला बाजूला बोलावून रुपया मागितला. तो तळहातावर ठेवून त्यांनी राणीच्या तोंडावरून अंगठा फिरवला.

"माझा मी कधीच मोडला रे," ते म्हणाले. "लग्नानंतर लगेच. ह्याने मात्र जपून ठेवलेला. ते बघवायचं नाही मला."

आणि ते लहान मुलासारखे रडायला लागले. हे एक वाक्य अप्पांनी ऐकायला हवं होतं, असं वाटून मलाही आवरेना. त्याला भिंग लागलं नसतं आणि अमेरिकाही लागली नसती. आईने रुपया काकांनाच ठेवून घ्यायला सांगितला.

पुढल्या वर्षी दिवाळीआधी काकूंचा फोन आला. काका लक्ष्मीपूजनात दत्तूचा रुपया मांडणार होते, पण तो जरासा काळवंडला होता. तुम्ही तो कशाने लख्ख केला होतात, ते काकांनी विचारायला सांगितलं होतं. हात लावू नका म्हणणार होतो. पण त्या रुपयाचं आता बिघडायचं काय राहिलं होतं! मी घसा खाकरला आणि नीट सांगितलं, की आधी चिंच, मग दंतमंजन, शेवटी रांगोळी. काही झालं तरी जुन्या नाण्यांमधला आमच्या घराण्यातला तज्ज्ञ म्हणजे मीच!